महागडा रेझर, ब्रश, साबण : पैसे नेमके कशावर घालावेत?

मंदगती

नमस्कार मंडळी.

पाच पात्यांचे कार्ट्रिज आणि डब्यातला आयता फोम यावर आजवर माझे चालत आले आहे. तक्रार एकच. गळ्याखाली कायम पुरळ असते आणि चार-दोन केस आतल्या आत वळून बसतात. मध्यंतरी एका मित्राने त्याचा एकपाती सेफ्टी रेझर, ब्रश आणि साबण काही दिवस वापरायला दिला. दाढी फार गुळगुळीत झाली असे म्हणणार नाही, पण मजा आली.

आता स्वतःचे सामान घ्यायचे आहे, आणि घ्यायचेच तर एकदाच चांगले घ्यावे असा विचार आहे. बघता बघता यादी अशी झाली: स्टेनलेस स्टीलचा रेझर, सिल्व्हरटिप बॅजरचा (त्या प्राण्याच्या केसांचा) ब्रश, लाकडी वाटीतला इंग्लिश साबण, प्री-शेव्ह तेल, आफ्टरशेव्ह बाम, फेस करायचा बाउल आणि हे सगळे टांगायला स्टँड. बेरीज पाहिली आणि टॅब बंद केला.

तर जाणकारांनी सांगावे. यातल्या कशाने दाढीत खरोखर फरक पडतो आणि कशाने फक्त फळीची शोभा वाढते? माझा अंदाज असा की दाढी रेझर करतो, म्हणून बजेटचा मोठा वाटा रेझरला द्यावा आणि बाकीच्यात काटकसर करावी.

शंकासुर

दाढी वाढवा. सगळे पैसे वाचतील. धागा बंद करायला हरकत नाही.

फेसफुगा

वाढवलेल्या दाढीची तेलं, बाम, कंगवे आणि कात्र्यांचे भाव बघितलेत का शंकासुर? त्या गल्लीत शिरलेला माणूस परत येत नाही.

धातुवेडा

मंदगती, अंदाज अर्धा बरोबर आहे. रेझर महत्त्वाचा, पण त्याची धातू नव्हे, भूमिती.

सेफ्टी रेझरचे डोके करते काय, तर एक दशांश मिलिमीटर जाडीचे लवचीक पाते वाकवून घट्ट धरते. त्यानंतर फक्त तीन गोष्टी बघायच्या. पाते आणि खालची पट्टी यांच्यातली फट किती, पात्याची धार टोपी (डोक्याचा वरचा तुकडा) आणि पट्टी यांच्या रेषेबाहेर किती डोकावते, आणि त्वचेवर ते कोणत्या कोनात टेकते. हे आकडे जुळले की रेझर 'सौम्य' किंवा 'आक्रमक' ठरतो. गालाला डोके पितळेचे आहे की टायटॅनियमचे हे कळत नाही.

उदाहरण देतो. म्युलेचा आर ८९ आणि एडविन जॅगरचा डीई ८९, एक जर्मन, एक इंग्लिश. डोक्याची घडण जवळपास एकच. दांडा बदलला की लोक म्हणतात, 'याचा अनुभवच वेगळा.' उलट त्याच म्युलेचा आर ४१ घ्या. दुकान तेच, मुलामा तोच, आणि नवख्याने हातात घेतला तर टॉवेल लाल. फरक भूमितीचा.

स्टील कशाला घ्यायचे, तर टिकण्यासाठी. मध्यम किमतीचे बहुतेक रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, वर क्रोमचा मुलामा. मुलामा शाबूत आहे तोवर उत्तम. एकदा सुटला की आतली धातू पाण्याने खात जाते आणि ती दुरुस्त होत नाही. ३१६एल या स्टेनलेस स्टीलला मुलामाच नसतो, त्यामुळे जाणार काय? पण हे आयुष्याचे गणित झाले, उद्या सकाळच्या दाढीचे नाही.

पहिल्या रेझरसाठी माझे मत: आर ८९, डीई ८९ किंवा मर्कुर ३४सी. यातला कोणताही डोळे मिटून.

शंकासुर

डोळे मिटून नको हो. पाते असते त्यात.

खुंटसम्राट

धातुवेडा यांच्याशी नेहमीप्रमाणे सहमत आणि नेहमीप्रमाणे पूर्ण नाही.

भूमिती कागदावर सारखी असली तरी हातात येणारा नग सारखा नसतो. ओतीव डोक्यात पाते कधी कधी एका बाजूला किंचित जास्त डोकावते. मग लोक आपल्याच हाताला दोष देतात की उजवा गाल छान होतो, डावा सोलवटतो. नीट कातलेल्या डोक्यात पाते दोन्ही बाजूंना समान बसते आणि धारेच्या अगदी जवळ दाबलेले राहते, म्हणून राठ केसावर थरथरत नाही. माझ्यासारख्या तारेच्या ब्रशछाप दाढीला हा फरक पहिल्या फटक्यात कळतो.

दुसरे वजन. जड रेझर असला की दाब द्यायची इच्छाच होत नाही, तो स्वतःच्या भाराने उतरतो. कार्ट्रिजवरून आलेल्या माणसाची मुख्य खोड दाबण्याचीच असते.

माझा एक स्वस्तातला रेझर फिरकीच्या आट्यांपाशी तुटला. ब्रँड सांगत नाही, भांडणे नकोत. दांडा हातात आणि डोके बेसिनमध्ये. त्यानंतर स्टीलचा घेतला तो घेतलाच.

धातुवेडा

वजनाचे उलट उदाहरण आहे की. हेन्सनचे अ‍ॅल्युमिनियमचे रेझर. कॅनडात विमानउद्योगाचे सुटे भाग करणाऱ्यांनी काढलेले, वजनाला नगण्य, आणि नवख्यांना त्याहून सोपा रेझर मिळणे कठीण. का, तर पाते अचूक धरलेले आणि जेमतेम बाहेर. म्हणजे अचूकतेबद्दल तुमचे म्हणणे मान्य, वजन ही आवड.

आट्यांची नोंद मात्र खरी. ओतीव डोक्याचा स्क्रू हा त्याचा सगळ्यात दुबळा भाग. बेताचे आवळावे, पिळू नये.

सकाळची_घाई

एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळे किती वेळ चालते? मी शॉवरमध्येच कार्ट्रिज फिरवतो, बाहेर पडेपर्यंत काम झालेले असते. तुम्ही लोक पाते वाकवताय, कोन मोजताय, फेस फुगवताय. ऑफिसला कधी पोचता?

फेसफुगा

आम्ही पोचतो, तुम्ही आलेलेच असता. पण तुमच्या हनुवटीखाली एक पट्टा राहिलेला असतो. ह.घ्या.

रसायनी

रेझरवर एवढी मारामारी चालली आहे आणि पाण्याचे नाव कोणी काढले नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मंदगती, तुमच्या यादीत सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट फुकट आहे: ओला केस. केस पाणी पितो, फुगतो आणि बराच मऊ होतो. दोन-तीन मिनिटे कोमट पाण्यात भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा खूपच कमी जोर लागतो. साबण, ब्रश, फेस हे सगळे त्या पाण्याला केसापाशी धरून ठेवण्याचे उपाय. आयता फोम दिसायला भरगच्च, पण त्यात हवाच जास्त.

आता साबण. दाढीचा साबण आंघोळीच्या साबणापेक्षा वेगळा का? त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असते आणि ते नुसत्या सोडियम हायड्रॉक्साइडने नव्हे तर मोठ्या प्रमाणात पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणात बदललेले असते. पोटॅशियमचा साबण मऊ आणि लवकर विरघळणारा, स्टिअरेटमुळे फेस बारीक आणि टिकाऊ, आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. घरच्या अंगाच्या साबणाने दाढी करून पाहिलीत तर फेस गालावरच सुकतो, तो याचमुळे.

महाग साबणात काय जास्त मिळते? सुगंध, नक्की. कधी कधी लॅनोलिन, म्हणजे लोकरीतले मेण. मिचेल्स वूल फॅट या साबणाची ख्याती त्यावरच आहे. काहींत प्राण्यांची चरबी असते, इटलीचा चेल्ला त्यातला, त्यामुळे ज्यांना ती नको त्यांनी घटकांत 'टॅलोएट' शब्द शोधावा. पण मूळ रसायन मध्यम किमतीच्या साबणात आणि लाकडी वाटीतल्या साबणात फार वेगळे नाही. वाटी सुंदर असते, हे कबूल.

शेवटचे आणि महत्त्वाचे. कोणाला फेसच येत नसेल तर साबण बदलण्याआधी पाणी तपासा. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका करतात. तुमचा अर्धा साबण त्यातच जातो. एकदा डिस्टिल्ड पाण्याने फेस करून बघा. फरक पडला तर दोष साबणाचा नव्हता.

खुंटसम्राट

रसायनीताई, दंडवत. मी 'फेस होत नाही' म्हणून लोकांना देऊन टाकलेले साबण आता परत मागायला निघालो आहे.

मंदगती

हे छान झाले. म्हणजे दुकानात पाय ठेवायच्या आधीच एक गोष्ट सुधारता येते. पण मग फेस कितपत पातळ असावा? मित्राने करून दाखवला तेव्हा डोंगर उभा राहिला होता. मी केला की कोरडा होतो.

रसायनी

डोंगर हाच घोटाळा. जाहिरातीतला फेस फोटोसाठी असतो. तुम्हाला हवा तो चमकदार, ओला आणि बुडबुडे न दिसणारा. ब्रश उचलल्यावर टोक उभे राहून हलकेच खाली झुकले पाहिजे. बहुतेक जण साबण कमी घेतात आणि पाणी त्याहून कमी. ब्रश साबणावर अर्धा मिनिट तरी फिरवा, मग चमच्या-चमच्याने नव्हे, थेंबाथेंबाने पाणी वाढवत जा. एका टप्प्यावर मॅट दिसणारा फेस अचानक तकाकी धरतो. तिथे थांबा.

बाउल लागत नाही. तळहात किंवा गाल पुरतो.

उंबरठा

बायकांच्या बाजूने दोन ओळी. पायांसाठी मी नवऱ्याचा एकपाती रेझर वापरायला लागले आणि आता तो त्याचा राहिलेला नाही. घोट्याचे आणि गुडघ्याचे कोपरे जपून, पाय वाकवून कातडी ताणायची, बाकी सरळ रस्ता. गुलाबी दांड्याच्या कार्ट्रिजचे जास्तीचे पैसे कशाचे घेतात हा प्रश्न मात्र सुटला नाही.

नवऱ्याने आता नवा घेतला आहे. 'तुझ्यामुळे घ्यावा लागला' असे तो जे म्हणतो त्यावर माझा विश्वास नाही.

फेसफुगा

उंबरठा, आमच्या गोटातली ही सर्वात जुनी युक्ती आहे. त्यांना सांगू नका की तुम्हाला कळले.

जुनाबाजार

नवे कशाला? जुने घ्या.

गिलेटचे जुने रेझर आजही निम्म्या जगाच्या फळ्यांवर चालू आहेत. किंग कॅम्प गिलेटने कंपनी काढली १९०१ मध्ये, विक्री सुरू केली १९०३ मध्ये. पहिल्या वर्षी खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्या वर्षी पेटंट मिळाले आणि रेझरांचा खप नव्वद हजारांवर गेला. खरी कामगिरी विल्यम निकरसन या अभियंत्याची. पत्र्याइतके पातळ पोलाद वेडेवाकडे न होता कडक कसे करायचे हे त्याने सोडवले, नाहीतर कल्पना कागदावरच राहिली असती. मग पहिले महायुद्ध आले, अमेरिकन सरकारने सैनिकांना हे रेझर दिले आणि ते घरी परतले ते सवय घेऊनच.

मजा अशी की आज दुकानात मिळणारे दुधारी पाते १९४०-५० च्या रेझरात बिनबोभाट बसते. दांडा फिरवला की वरची दोन दारे उघडतात, ते मॉडेल शोधा. किंवा १९५८ पासून आलेला जाडजूड मानेचा, एक ते नऊ आकडे असलेला फॅटबॉय. फिरकी फिरवून फट कमी-जास्त करता येते, म्हणजे धातुवेडा आणि खुंटसम्राट यांचे भांडण एकाच रेझरात मिटते. त्या काळच्या गिलेटवर खाली एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला असतो, अक्षर वर्षाचे, आकडा तिमाहीचा. आपल्या जन्माच्या तिमाहीतला रेझर शोधत फिरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातला एक आरशात.

घेताना बघायचे: दारे समान मिटतात का, पाते लावल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का, मुलाम्याखाली हिरवा थर आला आहे का. स्वच्छतेला कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश. उकळत्या पाण्यात टाकू नका.

जुना ब्रश मात्र कधीही नको. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या नावाखाली घोड्याच्या केसांचे ब्रश विकले गेले. नीट निर्जंतुक न केलेल्या केसांतून ब्रिटन आणि अमेरिकेत लोकांना अँथ्रॅक्स झाला होता. हे दंतकथा म्हणून सांगत नाही, नोंदलेले आहे.

शंकासुर

दाढी वाढवा, हा सल्ला आता वैद्यकीय कारणास्तव पुन्हा देत आहे.

पाणचक्की

ब्रशचा विषय निघालाच आहे तर. बॅजरचे केस प्राणी मारून मिळतात, कातरून नव्हे. २०१८ मध्ये पेटा या प्राणिहक्क संघटनेने चीनमधल्या बॅजर-पालनाची दृश्ये उघड केली, त्यानंतर काही कंपन्यांनी बॅजरचे ब्रश बंद केले. मंदगती, यादीतला सिल्व्हरटिप घेण्यापूर्वी एवढे माहीत असावे. निर्णय तुमचा.

आणि नाइलाजाने कृत्रिम घ्यावा लागतो असेही आता राहिलेले नाही. पूर्वीचे नायलॉन टोचायचे. आताचे धागे टोकाला निमुळते केलेले असतात, ओले करून झटकले की तयार, वाळतात झटपट, वास नाही, केस गळत नाहीत.

फेसफुगा

माझ्या नावाला जागून बॅजरची बाजू मांडतो. कृत्रिम ब्रश फेस पटकन करतो, अगदी मान्य. पण तो सगळा फेस स्वतःकडे ठेवत नाही, पाणी लगेच सोडतो, आणि त्याला एक उडी असते, दाबला की टुणकन परत. चांगल्या बॅजरला पाठीचा कणा आणि मऊ टोके दोन्ही असतात, गरम पाणी धरून ठेवतो. ती ऊब सकाळी गालावर... असो, पाणचक्कींच्या मुद्द्यापुढे ऊब हे कारण लंगडे आहे, हे लिहिताना मलाच जाणवते आहे. आहे तो झिजेपर्यंत वापरणार, नवा बॅजर घेणार नाही.

डुकराच्या केसांच्या ब्रशचे कोणी बोलले नाही. स्वस्त आणि मस्त, पण संयम हवा. सुरुवातीला खराट्यासारखा लागतो. रोज वापरात भिजून-वाळून टोके दुभंगत जातात आणि मग तो असा मुलायम होतो की विचारू नका. वापरण्याआधी भिजत ठेवावा लागतो. आणि पहिल्या काही दिवसांचा वास! घरच्यांना आधी कल्पना द्या.

आडवाटे

सगळे सोडून वस्तरा घ्या. दाढी शिकायची तर ती तिथेच. झोलिंगेनचा, सहा अष्टमांश इंच रुंदीचा, आतून पोकळ घासलेला. दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून फिरवायचा, काही महिन्यांनी दगडावर. पात्यांचा खर्च आयुष्यभर शून्य.

धातुवेडा

पात्यांचा शून्य, पण दगडांचा? हजार ग्रिटचा (आकडा मोठा तितका दगड बारीक), पाच हजारचा, आठ हजारचा, बारा हजारचा, मग बेल्जियमचा कोटिक्यूल 'फक्त शेवटच्या हातासाठी'. आडवाटे, तुमच्या दगडांचे फोटो आम्ही पाहिले आहेत.

आडवाटे

ते दगड गुंतवणूक आहेत.

खुंटसम्राट

मंदगती, एक सावधगिरी. बदलत्या पात्याचा वस्तरा, सलूनमध्ये असतो तो, 'सोपा वस्तरा' म्हणून कोणी सुचवला तर फसू नका. खऱ्या वस्तऱ्यापेक्षा तो कमी माफ करतो. पाते पातळ, ताजे आणि वजन काहीच नाही.

पांढराकोट

धागाकर्त्याचा मूळ त्रास पुरळ आणि आत वळणारे केस हा आहे, आणि आपण सगळे सामानात रमलो आहोत.

एकाहून अधिक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिले पाते केस पकडून थोडा ओढते, तो मागे जायच्या आत पुढचे पाते कापते. परिणामी केसाचे टोक त्वचेच्या पातळीखाली जाते. गुळगुळीत लागते ते म्हणूनच. केस कुरळा किंवा त्वचेला तिरपा असेल तर वाढताना तो बाहेर यायच्या ऐवजी आतच शिरतो आणि शरीर त्याला परका समजून सूज आणते. एक पाते, कमी दाब, यामुळे अनेकांना बरे वाटते ते याचसाठी.

पण एक पाते घेऊन उलट्या दिशेने चार वेळा खरवडले तर पुन्हा तेच. आधी बोटांनी गळ्यावरच्या केसांची दिशा चाचपा. गालावर वरून खाली असली तरी गळ्यावर बहुधा आडवी किंवा भोवऱ्यासारखी असते आणि दोन्ही बाजूंना वेगळी. पहिले काही आठवडे फक्त केसांच्या दिशेने एक हात, फार तर दुसरा आडवा. उलटा हात विसरा. प्रत्येक हाताआधी नवा फेस. पात्याचा त्वचेशी कोन साधारण ३० अंश ठेवा, म्हणजे टोपी गालाला टेकवून दांडा हळूहळू खाली आणायचा आणि केस कापल्याचा आवाज आला की तिथेच राहायचे.

नंतर गार पाणी आणि तुरटीचा खडा. तुरटी आकुंचक आहे, बारीक ओरखड्यांचे रक्त थांबवते. शिवाय जिथे चुरचुरेल तिथे आज हात जड पडला हे लगेच कळते. अल्कोहोलचे आफ्टरशेव्ह पुरळ असलेल्या त्वचेवर नको. गाठी दुखऱ्या असतील, पू होत असेल तर काही दिवस दाढी थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. रेझर तिथे उपाय नाही.

शंकासुर

'दाढी थांबवा.' डॉक्टरांनीच लिहिले. मी हेच पहिल्या प्रतिसादात म्हणालो होतो.

जुनाबाजार

पांढराकोट यांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. एक भर घालतो, पात्याची. रेझर, ब्रश, साबण या तिन्हींपेक्षा स्वस्त आणि तिन्हींपेक्षा जास्त फरक पाडणारी चीज तीच. फेदर ब्रँडचे पाते कमालीचे धारदार, राठ केसाला वरदान, नवख्या हाताला शिक्षा. कोणाला जे लोण्यासारखे चालते ते दुसऱ्याला ओढते. यात कोणाचाही सल्ला कामाचा नाही. पाच-सहा ब्रँडची मिसळीची पाकिटे मिळतात, ती घ्या, आणि त्या काळात रेझर व साबण बदलू नका, नाहीतर काय कशामुळे झाले ते कळणार नाही.

रसायनी

पाती बोथट होतात कशी, यावर २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांचा छान लेख 'सायन्स' नियतकालिकात आला होता. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी धार जाते. त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापताना पाहिले. धार घासून गोल होण्यापेक्षा तिचे सूक्ष्म टवके उडतात, तेही केस तिरपा वाकलेला असेल आणि धारेवर पोलादाची रचना एकसारखी नसेल अशा जागी. म्हणजे मऊ, भिजलेला केस पात्यालाही मानवतो असे म्हणायला माझ्या मते हरकत नाही, पण हा माझा अंदाज आहे, लेखातला निष्कर्ष नव्हे.

सकाळची_घाई

मी दोन दिवस हा धागा वाचतो आहे आणि आज शॉवरनंतर पाच मिनिटे जास्त थांबून साध्या क्रीमने, बोटांनी चोळून, जुन्याच कार्ट्रिजने दाबाशिवाय दाढी केली. गळा शांत आहे. सामान काही घेतलेले नाही. घेणारही नाही. (सध्या.)

उंबरठा

तो 'सध्या' जपून ठेवा.

मंदगती

सगळ्यांचे आभार. माझा अंदाज बराच उलटा होता हे मान्य. रेझरला मोठा वाटा द्यायचा बेत रद्द. ठरले ते असे: क्रोमचा साधा तीन तुकड्यांचा सौम्य रेझर, कृत्रिम ब्रश, मिसळ पात्यांचे पाकीट, तुरटी. स्टँड, बाउल, प्री-शेव्ह बाद.

साबण मात्र वाटीतलाच घेणार आहे. रसायनींनी रसायन सारखेच सांगितले ते पटले, तरी घेणार. १८०५ पासून न्हावीकाम करणारे ट्रुफिट अँड हिल किंवा १८७५ चे ट्रम्पर, यातले एक. नुसत्या वासासाठी. एवढी एक चैन असू द्या.

स्टीलचा रेझर हात बसल्यावर. सौम्य हवा की आक्रमक हे तेव्हा तरी कळलेले असेल.

खुंटसम्राट

यादी उत्तम. सुगंधावर खर्च करणे हे तर सगळ्यात प्रामाणिक कारण, रोज वापरात येते. स्टील घ्यायची वेळ आली की रॉकवेल ६एस बघून ठेवा. उलटसुलट होणाऱ्या पट्ट्या, सहा फटी, एकच दांडा. मग आणखी रेझर घ्यायचे कारण उरत नाही.

धातुवेडा

खुंटसम्राट, तुमच्याकडे तो आहे ना? आणि त्यानंतर किती घेतलेत?

खुंटसम्राट

विषयांतर नको.

मंदगती

दोन व्यावहारिक शंका राहिल्या. वापरलेली पाती टाकायची कशी? आणि विमानाने जाताना?

जुनाबाजार

पाती कचऱ्यात सुटी कधीही नाही, कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याचा बंद डबा घ्या, झाकणाला पात्याएवढी चीर पाडा, आत सोडत जा. भरायला वर्षे लागतात. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करून वर 'धारदार' असे लिहून धातूच्या भंगारात द्या. काही पात्यांच्या डबीला मागच्या बाजूला जुन्या पात्यांसाठी कप्पा असतो, तोही चालतो.

विमानात सुटी पाती हातातल्या सामानात चालत नाहीत, ती चेक-इन बॅगेत टाका. रिकामा रेझर सहसा जवळ ठेवू देतात, पण तपासनीस उघडून बघणार हे धरून चाला. फक्त हातातली बॅग असेल तर पाती उतरल्यावर तिथल्या दुकानात घ्या, दुधारी पाते सगळीकडे एकाच मापाचे असते.

सकाळची_घाई

आणि कार्ट्रिज हातातल्या बॅगेत चालते. नोंद घ्यावी.